मूर्तीच्या पाठीवरचं कुटुंब

साल 1665 च्या आसपासचं. दिल्ली वेशीतून तुम्ही वऱ्हाडातल्या कारंजा गावात शिरता. अंमल मोगलांचा, पण गावचा दिमाख व्यापाऱ्यांचा. माल लादलेल्या बैलांना वाट देत तुम्ही जैन मंदिराशी पोचता. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, तिन्ही जैन परंपरांचं कारंजा हे ठाणं.

ओसरीवर कारागीर मांडी घालून बसलाय. पुढ्यात धातूची वीतभर मूर्ती, पाठ वर केलेली. पंडित मजकूर सांगतात आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी अक्षरं उमटत जातात. तुम्ही वाकून वाचता. आधी शक नि तिथी, मग गण, गच्छ ही गुरुपरंपरा, धर्मगुरू भट्टारकांचं नाव. पुढे बघेरवाल ज्ञाती, गोत्र, यजमान. जागा सरत आली तशी अक्षरं बारीक होतात, तरी पंडित थांबत नाहीत. भार्या, तिचं नाव. पुत्र, त्यांची नावं. सुना. शेवटी ‘प्रणमति’, म्हणजे अख्खं घर देवापुढे हात जोडून उभं.

पदर सावरत एक बाई पुढे येते. “सासूबाईंचं नाव आलं का, महाराज?”

“आलं, बाई.”

याच सुमारास हॉलंडमध्ये रेम्ब्रांट एक कुटुंब रंगवतोय. लाल पोशाखातली आई, मांडीवर लेकरू, फुलांची परडी घेतलेली मुलगी, मागे हातात फूल धरलेला बाप. हे चित्र आज जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहे. चेहरे जिवंत, पण माणसं कोण ते कुणालाच ठाऊक नाही. कारंज्यात नेमकं उलट झालं: चेहरे गेले, नावं राहिली.

1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने हे धनाढ्य गाव लुटलं. तरी पेठ पुन्हा उभी राहिली. पुढे यात्रेकरू साधू शीलविजय यांनी आपल्या ‘तीर्थमाला’ या यात्रावर्णनात इथल्या भोज संघवींच्या दानशूरपणाचं वर्णन केलं. पण तिथे मोठी माणसंच येतात. घरातल्या बायकांपर्यंत आपल्याला नेतात ते हे मूर्तिलेख.

अभिषेकाने, घासण्यापुसण्याने ही अक्षरं झिजतात. तुमच्या देव्हाऱ्यात जुनी मूर्ती असेल तर तिची पाठ आजच वाचा. लेख असेल तर जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या, आणि तो लेकीसुनांनाही वाचून दाखवा.