मेंदूमृत दात्यावरील संशोधन: दोन नियमांमधली पोकळी

अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांवर संशोधन करणे अवघड ठरत आले, त्याचे मूळ वैद्यकापेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक आहे. 1968 मध्ये हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखालील हार्वर्डच्या समितीने मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा मृत्यूचा निकष मानावा असे सुचवले, आणि त्याच वर्षीच्या नमुना कायद्याने प्रत्यारोपणासाठी तसेच संशोधनासाठीही अवयव देण्याची वाट मोकळी केली. संशोधनातील माणसांना संरक्षण देणारी जी नियमावली 1991 मध्ये अनेक केंद्रीय खात्यांनी स्वीकारली, तिने मात्र हे संरक्षण जिवंत व्यक्तींपुरतेच ठेवले. साहजिकच दाता तिच्या कक्षेबाहेर राहिला; आणि प्रयोग ज्यावर झाला तेच मूत्रपिंड पुढे दुसऱ्याच्या शरीरात बसवले जाईल, या शक्यतेसाठी दोन्हीकडे स्पष्ट तरतूद नव्हती.

ही पोकळी किती खोल होती, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून कळते. 370 दात्यांपैकी काहींचे शरीर शस्त्रक्रियेपूर्वी 34 ते 35 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्यात आले, इतरांचे नेहमीच्या तापमानाला. नव्या मूत्रपिंडाने लगेच काम न केल्यामुळे पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचे प्रमाण नेहमीच्या तापमानाच्या गटात 39 टक्के, तर थंड गटात 28 टक्के आढळले, आणि लाभ स्पष्ट दिसल्याने चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. उपाय साधा होता. गुंतागुंत होती ती दात्याच्या खाटेभोवती. श्वसनयंत्रावरील त्या एकाच देहातून यकृत एका शहरात आणि हृदय दुसऱ्या शहरात जाणार असते, म्हणून मूत्रपिंडासाठी केलेल्या उपायाची झळ इतर अवयवांना बसेल काय, हा प्रश्न प्रत्येक शल्यचिकित्सक स्वाभाविकपणे विचारतो. शिवाय अवयव स्वीकारणारा रुग्ण प्रयोगाच्या वेळी कोण असेल हेच ठाऊक नसते, आणि अवयव उपलब्ध झाल्याचा निरोप आल्यावर संमतीचा शांतपणे विचार करण्याइतकी उसंत त्याला नसते.

2017 मध्ये जेम्स चाइल्ड्रेस यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने अशा संशोधनावर एकत्रित, केंद्रीय देखरेख असावी असे सुचवले. पुढे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काढलेल्या मूत्रपिंडातून यंत्राने द्रव खेळवत ठेवण्याची पद्धत दात्याला थंड करण्यापेक्षा सरस ठरली. ते यंत्र दात्याच्या इतर अवयवांना स्पर्शही करत नाही, त्यामुळे ती एक अडचण सुटते. स्वीकारणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न मात्र यंत्राबरोबरच शस्त्रक्रियागृहापर्यंत जातो.