घरगुती बिनतारी टचस्क्रीन थ्रॉटल

घरगुती बिनतारी टचस्क्रीन थ्रॉटल : मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचा वेग, दिशा, दिवे आणि भोंगा हातातल्या छोट्या पडद्यावरून तारेविना चालवण्यासाठी छंदिष्टाने स्वतः जुळवलेले उपकरण. वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर, दोन-तीन इंचांचा टचस्क्रीन, फिरवायचा एक नॉब, लिथियमचा सेल आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेला डबा एवढा त्याचा ऐवज. हा डबा इंजिनाशी थेट बोलतो असा नवख्यांचा समज असतो, तो चुकीचा आहे. थ्रॉटल फक्त मागणी नोंदवतो. ती वायफायवरून सर्व्हरकडे, सर्व्हरकडून कमांड स्टेशनकडे आणि तिथून रुळांवाटे इंजिनातल्या डिकोडरपर्यंत जाते. म्हणूनच हे उपकरण बांधताना पडदा कसा दिसेल यापेक्षा यातला एखादा दुवा मध्येच तुटला तर गाडीचे काय होईल, याचा विचार अधिक करावा लागतो. बहुतेक जण मात्र सुरुवात पडद्यापासूनच करतात.

रुळांतला हुकूम : जुन्या पद्धतीत रुळांना शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत वीज देत. नॉब फिरवला की व्होल्टेज वाढे आणि त्या रुळावरची सगळी इंजिने एकदम पळू लागत. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला स्विच लावावा लागे. डिजिटल कमांड कंट्रोल (डीसीसी) या पद्धतीने ही कटकट संपवली. बर्न्ड लेन्झ यांच्या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिला प्रमाणाचा दर्जा दिला. तिच्यात रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असते, १:८७ प्रमाणाच्या म्हणजे एचओ मांडणीत साधारण १५ व्होल्ट, आणि त्याची ध्रुवता सतत उलटत राहते. दोन उलटण्यांमधला अवधी ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, सुमारे १०० मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘शून्य’. या एक-शून्यांतून आधी इंजिनाचा पत्ता जातो, मग हुकूम, आणि शेवटी पडताळणीचा बाइट. आपला पत्ता ऐकू आला तरच डिकोडर मोटर हलवतो. नवा डिकोडर कारखान्यातून ३ हा पत्ता घेऊन येतो. दोन नवी इंजिने रुळांवर ठेवून एक चालवायला गेलेल्याची दोन्ही इंजिने पळतात, ती त्यामुळेच. वेगाच्या १२८ पायऱ्यांपैकी एक थांबण्यासाठी आणि एक आणीबाणीच्या थांब्यासाठी राखीव असते. चालवणाऱ्याच्या हाती १२६ उरतात.

पूर्वपीठिका : थ्रॉटलला तार असली की चालवणारा एका जागी खिळतो. भोवती फिरता यावे म्हणून आधी लांब तार आणि मांडणीच्या कडेला ठिकठिकाणी खोचण्या आल्या, मग इन्फ्रारेड, मग रेडिओ. इन्फ्रारेडला समोरचा माणूससुद्धा आडवा येतो. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर आणलेला रेडिओ रिमोट मोठ्या तांबड्या नॉबमुळे ओळखला जातो. त्या यंत्रणेच्या घडणीत गायक नील यंग यांचा वाटा होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलाला गाड्या चालवता याव्यात, ही त्यामागची प्रेरणा. पुढे स्मार्टफोन आला आणि ॲप उतरवले की थ्रॉटल तयार, अशी सोय झाली. तरीही स्वतः थ्रॉटल बांधणारे कमी झाले नाहीत. फोनचा पडदा मध्येच विझतो, ऐन सांध्यावर गाडी असताना कुणाचा तरी कॉल येतो, आणि गुळगुळीत काचेवर बोट कुठे आहे हे न बघता कळत नाही.

सर्व्हर आणि संदेश : या छंदाचे सर्वांत वापरातले मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जेएमआरआय. भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन यांनी ते सुरू केले. त्यातल्या डिकोडरच्या माहितीच्या फायली मूळ कर्त्यांचे नाव गाळून दुसऱ्या व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या गेल्याच्या तक्रारीतून ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ हा खटला उभा राहिला. मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये त्यात दिला. संगणक-कायद्याच्या वर्गात आजही शिकवला जाणारा हा निर्णय खेळण्यातल्या आगगाड्यांवरून झाला, हे पुष्कळ वकिलांना ठाऊक नसते.

जेएमआरआयमध्ये विथ्रॉटल नावाचा सर्व्हर आहे आणि तो सहसा १२०९० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. संगणक मध्ये नको असेल तर आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर चालणारे डीसीसी-ईएक्स हे मुक्त कमांड स्टेशन स्वतःच विथ्रॉटलची भाषा समजते. त्याचे पोर्ट २५६०. या भाषेचे संदेश साध्या अक्षरांचे असतात : एक अक्षर इंजिन ताब्यात घ्या म्हणते, एक वेग सांगते, एक दिशा, आणि ओळ संपली की संदेश संपला. संगणकावर टर्मिनल उघडून नुसत्या टंकनाने गाडी चालवता येते. थ्रॉटलचा कार्यक्रम लिहिण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे. पुढे गाडी हलली नाही तर दोष आपल्या कार्यक्रमात आहे की पलीकडे, हे लगेच उमगते. वायफायवरून येणारा मजकूर ओळीगणिक सुटा येत नाही. अर्धी ओळ आत्ता आणि उरलेली थोड्या वेळाने, असेही होते. ओळ पुरी होईपर्यंत अक्षरे साठवण्याची तजवीज नसेल तर थ्रॉटल तासभर नीट चालतो आणि मग काहीबाही करू लागतो.

ठोका : जोडणी झाली की सर्व्हर एक आकडा कळवतो, बहुधा १०. अर्थ असा की तेवढ्या सेकंदांत थ्रॉटलकडून काही ना काही आले पाहिजे. ही पाळत मान्य असल्याचे थ्रॉटलने कळवायचे असते. ते कळवल्यावर ठोका चुकला तर सर्व्हर त्या थ्रॉटलची इंजिने आपणहून थांबवतो. ही तरतूद ऐच्छिक असल्यामुळे घाईत वगळली जाते, आणि घरगुती थ्रॉटलचा सर्वांत गंभीर दोष हाच. डिकोडरला मिळालेला शेवटचा वेग कमांड स्टेशन पुन्हापुन्हा पाठवत राहते, म्हणजे थ्रॉटल मेला तरी गाडी थांबत नाही. खऱ्या गाडीच्या ताशी १०० किलोमीटरशी जुळणाऱ्या वेगाने धावणारे एचओ इंजिन सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर जाते. दहा सेकंदांत ते तीन मीटर पार करते, आणि टेबलाची कड बऱ्याचदा त्याच्या आत असते. जाणते लोक म्हणून दर दोन-तीन सेकंदांना ठोका पाठवतात. पण त्याने पाळतीची मुदत कमी होत नाही. ती हवी तर सर्व्हरवरच कमी करावी लागते. जोडणी परत आल्यावर जुना वेग तसाच पाठवून देणे ही दुसरी घोडचूक. आधी इंजिनाचा सध्याचा वेग सर्व्हरला विचारावा आणि नॉबचा आकडा त्याला जुळवावा.

जुळणी : मेंदू म्हणून आज बहुतेक जण ईएसपी३२ ही चिप घेतात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ मध्ये बाजारात आली; वायफाय आणि ब्लूटूथ तिच्यातच आहेत. तिला २.८ इंची, ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा आधीच जोडलेले पिवळे स्वस्त बोर्ड मिळते आणि नवख्याने तेच घ्यावे. त्यावरचा टच दाबाने चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह असतो. त्याला फोनइतकी हलकी बोटे कळत नाहीत, आणि कोपऱ्यांवर टेकवून तो एकदा जुळवून घ्यावा लागतो. पडदा आणि टच दोन वेगळ्या एसपीआय वाहिन्यांवर आहेत, इथे पुष्कळांचा पहिला रविवार जातो. या बोर्डावर बाहेरच्या कामाला मोकळ्या पिना जेमतेम तीन : २२, २७ आणि ३५. रोटरी एन्कोडरच्या दोन तारा आणि त्याच्या दाबबटणाची एक, असा हिशेब नेमका बसतो. फक्त ३५ क्रमांकाच्या पिनेला आतला पुल-अप नसतो, तिला बाहेरून रेझिस्टर लावावा लागतो.

नॉब हवाच, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंका नाही. चालवणाऱ्याची नजर गाडीवर असायला हवी, हातातल्या काचेवर नव्हे. काचेवरची सरकपट्टी बोट एका सेंटिमीटरने घसरले तरी गाडीला दचका देते. नॉबमध्येही साध्या पोटेन्शिओमीटरपेक्षा अखंड फिरणारा एन्कोडर बरा. इंजिन बदलले की पोटेन्शिओमीटर जुन्या वेगावरच अडकलेला असतो. एन्कोडरला स्वतःची जागा नसते. शिवाय पोटेन्शिओमीटर वाचणाऱ्या ईएसपी३२ च्या पिनांच्या दोन गटांपैकी एक गट वायफाय चालू असताना बंद पडतो. नॉब झरकन फिरवला तर प्रत्येक टिचकीला संदेश न पाठवता सेकंदाला आठ-दहांवर आवर घालावा, नाहीतर संदेशांची रांग लागून गाडी हाताच्या मागे राहते. हौसेने भारतीय डिझेल इंजिनाच्या कॅबमधले आठ नॉच हवे असतील तर १२६ पायऱ्यांचे आठ टप्पे करणे अवघड नाही.

पडद्याकडे उरते ते इंजिनांची यादी, दिशा, दिवे आणि आवाज. पडद्याची रुंदी पावणेसहा सेंटिमीटर. बोटाला सेंटिमीटरभर जागा हवी, तेव्हा एका रांगेत पाचच बटणे मावतात. दिशा बदलण्याचे बटण वेग शून्य असतानाच ऐकणारे ठेवावे. भोंग्याच्या बटणात एक खोच आहे : दाबल्याचा संदेश वेगळा आणि सोडल्याचा वेगळा. बोट दाबलेले असतानाच बटणाबाहेर घसरले आणि सुटले, तर ‘सोडले’ हे कुणी कळवतच नाही आणि भोंगा वाजत राहतो. बोट कुठेही उचलले तरी आधी दाबलेले बटण सोडले असे धरायचे, हा त्यावर उपाय.

वीज : १८६५० मापाचा एक लिथियम सेल पुरतो. तो भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि बहुतेक काळ ३.७ च्या आसपास असतो. बोर्डावरच्या सर्वसाधारण रेग्युलेटरला मात्र बाहेर ३.३ व्होल्ट देण्यासाठी आत साडेचारच्या आसपास लागतात. सेल थेट जोडला की वायफाय संदेश पाठवण्याच्या क्षणी विजेची ओढ वाढते, व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होते. हा दोष सॉफ्टवेअरचा समजून दिवस वाया घालवणारे थोडे नाहीत. सेलमधून ५ व्होल्ट करणारा बूस्टर मध्ये घातला की तो जातो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल संरक्षक सर्किटशिवाय वापरू नयेत.

वापर : मराठी वाचकांपैकी अनेकांनी छोटी रेल्वे पाहिली असेल ती पुण्यात, कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या संग्रहालयात. अशा प्रदर्शनी मांडणीत प्रेक्षक बाहेर आणि चालवणारा नियंत्रणाजवळ असतो. बिनतारी थ्रॉटलचे खरे काम दुसऱ्या प्रकारच्या मांडणीत आहे. तिथे प्रत्येक जण आपल्या गाडीबरोबर चालतो, वाघिणी जोडतो-सोडतो आणि सांध्यापाशी वाकून बघतो. घरी हे सुरळीत चालते. गर्दीत मात्र शेकडो फोन त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि ईएसपी३२ ला दुसरा पट्टा ठाऊक नसतो. तेव्हा मांडणीसाठी इंटरनेट नसलेला वेगळा राउटर ठेवतात, १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल पक्का करतात, सर्व्हरचा लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग आधीच तपासतात, आणि तरीही एक तारेचा थ्रॉटल कमांड स्टेशनला जोडून ठेवतात.