स्वतंत्रपूर आणि आमचे तात्या

तात्या दारापाशी येऊन थांबायचे. दार नुसतं लोटलेलं असलं तरी थांबायचे. आतून कुणीतरी येऊन उघडलं की मगच आत पाऊल टाकायचे. मी तेव्हा सहावीत होतो. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, दमला असेल. पण ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाड उचलली गेली आणि समोरच्या घरातला एक माणूस गेला. तात्यांना जन्मठेप झाली. चौदा वर्षांनी सुटून आले तेव्हा त्यांना उत्तम सुतारकाम येत होतं आणि वर्तणुकीबद्दल एकही वाईट शेरा नव्हता. म्हणजे कागदावर बघाल तर सुधारणा पूर्ण झाली होती. फक्त त्यांना स्वतःहून दार उघडता येत नव्हतं. चौदा वर्षं प्रत्येक दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं आणि दुसऱ्या कुणीतरी बंद केलं, तर माणसाच्या हातातून ती क्रियाच निघून जाते, हे मला फार उशिरा कळलं.

लॉकडाऊनमध्ये एका रात्री ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला. व्ही. शांताराम यांचा १९५७चा सिनेमा. सहा खुनी कैदी, त्यांना उजाड माळावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर, आणि त्या जेलरचे दोन डोळे, जे कैद्यांना पळू देत नाहीत. सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गाजला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हे सगळं आपल्याला क्विझमुळे माहीत असतं. ही गोष्ट आपल्या आटपाडीजवळ खरोखर घडली होती, हे मला माहीत नव्हतं. पटकथा ग. दि. माडगूळकरांची. माडगुळे गाव त्याच भागातलं, औंध संस्थानातलं, त्यामुळे गदिमांना ही गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही.

औंध संस्थान एकसंध नव्हतंच. नकाशावर शाई शिंपडावी तसे तुकडे: औंध इकडे, कुंडल तिकडे, माणदेशात आटपाडी. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे आठवतात. पण नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली: राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली, जानेवारी १९३९मध्ये ती लागूही झाली. गावोगावच्या पंचायतींकडे कारभार आणि न्यायनिवाडा आला. या सगळ्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत पुढे होते आणि त्यांच्यासोबत होता एक इंजिनिअर.

मॉरिस फ्रिडमन. वॉर्साच्या गरीब ज्यू घरातला मुलगा, विजेचा इंजिनिअर, बंगळुरूच्या सरकारी इलेक्ट्रिक कारखान्याचा प्रमुख. गांधींच्या प्रभावात आला, भगवी वस्त्रं घालू लागला, भारतानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. (पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेऊन १९७३मध्ये पुस्तक करणारा हाच.) कारखाना चालवणारा माणूस कैद्यांच्या भानगडीत का पडला असेल, याचा मी बराच विचार केला. मला तरी वाटतं की त्याने तुरुंगाकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं असावं. म्हणजे, हे यंत्र नेमकं काय तयार करतंय? आत गेलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस यांत फरक काय?

त्याच्या कल्पनेतून १९३९मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला असं नाव देणं हा आज आपल्याला विनोद वाटेल, पण औंधवाले नावाबाबत गंभीर होते. मोठी शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे बेड्या नव्हत्या, कोठड्या नव्हत्या, वसाहतीला भिंत नव्हती. कसायला जमीन होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे, बायकामुलांना सोबत आणून राहता येत होतं.

इथे जरा थांबतो, कारण ‘भिंत नसलेला तुरुंग’ म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. जमीन, काम आणि कुटुंब या तिन्ही गोष्टी इंग्रजांच्या ‘सुधारणे’तही होत्या. १८७१च्या कायद्याने त्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. आटपाडीपासून फार लांब नसलेल्या सोलापुरात अशा कुटुंबांना सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड ठेवलं. बायकामुलं सोबत होतीच. गिरणीत कामही होतं. रोज हजेरी होती. तिथलं मूल जन्मतःच कैदी होतं, आणि हे १९५२पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं चाललं. म्हणजे नुसतं कुटुंब सोबत असून भागत नाही. सोलापुरात कुटुंबही कुंपणाच्या आत ओढलं गेलं होतं. स्वतंत्रपुरात कैदी कुंपणाबाहेर, कुटुंबाच्या जगात परत आला होता. बाहेरून दोन्ही ठिकाणं सारखी दिसली असती. झोपड्या, पोरं, चुली.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे ‘झिरो ट्रस्ट’ हा परवलीचा शब्द आहे. प्रत्येक युजर हल्लेखोर आहे असं धरून चालायचं, प्रत्येक पावलाची नोंद ठेवायची, दर दाराशी पुन्हा ओळख विचारायची. सर्व्हरसाठी हे बरोबरच आहे, मीही रोज तेच करतो. फ्रिडमनने माणसांसाठी याच्या उलट डिझाइन केलं. आणि सिनेमाशी माझं भांडण इथेच आहे. सिनेमात कैद्यांना सुधारतात ते जेलरचे डोळे. पळून जाणारे कैदी त्या डोळ्यांच्या भीतीने, प्रेमाने, जे काही असेल त्याने परत येतात. जेलर मेल्यावरही डोळे आहेतच. पाहताना अंगावर काटा येतो, पण शेवटी तीही पाळतच झाली ना? स्वतंत्रपुरातला कैदी पळत नसेल तर त्याचं कारण मला फार साधं वाटतं. संध्याकाळी चुलीवर भाकरी टाकणारी बायको, शाळेतून येणारं पोर, आणि उद्या पाणी द्यायचं असलेलं पीक. माणदेशात पाऊस किती कमी पडतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की तिथलं पीक माणसाला किती बांधून ठेवतं. काय पेरायचं, कधी पेरायचं, हे दिवसाला दहा वेळा ठरवावं लागतं. ठरवण्याची सवयच तर तुरुंगात पहिल्यांदा जाते.

औंध संस्थान १९४८मध्ये विलीन झालं, पंचायतींचा तो प्रयोग संपला. स्वतंत्रपूर मात्र टिकलं. आज ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. जन्मठेपेचा मोठा भाग भोगलेल्या, चांगल्या वर्तनाच्या मोजक्याच कैद्यांना तिथे पाठवतात. १९५२मध्ये उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या काळात धरणाच्या कामावर खुलं शिबिर निघालं, १९५५मध्ये येरवड्याला खुलं कारागृह झालं, १९६३मध्ये राजस्थानात सांगानेरला, जिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर नोकरीला जातात. स्वतंत्रपूर या सगळ्यांच्या आधीचं आणि अजूनही सगळ्यात लहानांपैकी. ऐंशीहून जास्त वर्षं चाललेली गोष्ट एवढी लहान का राहते, हा प्रश्न मला तिच्या जन्मकथेपेक्षा जास्त छळतो.

अजून एक तारीख डोक्यातून जात नाही. फ्रिडमन आटपाडीच्या माळावर भिंत नसलेला तुरुंग उभा करत होता त्याच १९३९च्या सप्टेंबरमध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या वर्षी त्याच्या जन्मगावात, वॉर्सामध्ये, ज्यू वस्तीभोवती भिंत बांधली गेली.

गेल्या दिवाळीत गावाहून परतताना मी बाईक आटपाडीकडे वळवली. आत जायला परवानगी लागते, मी ती काढली नव्हती. रस्त्यावरून दिसलं तेवढं पाहिलं. आजूबाजूला असते तशीच शेती. फोटो काढायला मोबाइल वर केला आणि पुन्हा खिशात ठेवला. कुणाचं तरी घर होतं ते.

तात्या मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेले. त्यांनी केलेला देव्हारा आमच्या घरात आहे, पण घरच्या कुठल्याच लग्नात त्यांना पुढे बसवलं नाही, हेही खरं. त्यांची बायको, आमची धाकटी आजी, ती चौदा वर्षं माहेरी भावाच्या रानात राबली. तिला त्या संध्याकाळी मी स्वतंत्रपूरचं सगळं सांगितलं. राजा, फ्रिडमन, सिनेमा. ती शेंगा फोडत ऐकत होती. सिनेमाचं तिला काही वाटलं नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “बायकोला बी राहू देत्यात व्हय तिथं?”

हो म्हटलं.

“मग आमास्नी कुणी सांगितलं का न्हाई?”