पिसू मरते, कुत्रा वाचतो: पाकिटातल्या कागदाचा इतिहास

पिसवांच्या औषधाचं पाकीट उघडलं की आत दोन वस्तू निघतात. एक प्लॅस्टिकची इवलीशी नळी आणि घड्या घातलेला एक पातळ कागद. नळी आपण कुत्र्याच्या मानेवर रिकामी करतो. कागद कचऱ्यात जातो.

त्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी असतात आणि भाषा रुक्ष. ‘फक्त कुत्र्यांसाठी.’ ‘८ आठवड्यांखालच्या पिल्लांना वापरू नये.’ ‘वजन पाहून मात्रा द्यावी.’ वाचताना वाटतं, कंपनीच्या वकिलाने अंग झटकण्यासाठी हे लिहून दिलं असावं. पण यातल्या बहुतेक ओळी कुणाच्या तरी आजारपणातून आल्या आहेत. आधी जनावरं आजारी पडली, काही मेली, मग ओळ छापली गेली. तो कागद आज ओळीओळीने वाचून बघू.

त्याआधी एक साधी गोष्ट. पिसवेचं औषध हे विषच असतं. बहुतेक औषधं पिसवेच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात, आणि कुत्र्याचे मज्जातंतूही बऱ्याच अंशी त्याच तत्त्वावर चालतात. मग पिसू मरते आणि कुत्रा वाचतो, तो कशामुळे? कुत्रा आकाराने प्रचंड मोठा असतो, त्याचं यकृत विष मोडून टाकतं, मेंदूभोवती पहारा असतो आणि काही विषं कीटकाच्या शरीराला जास्त घट्ट चिकटतात. सगळी सुरक्षितता या फरकांवर उभी आहे. पिल्लाच्या बाबतीत यातले बरेच फरक कमी होतात.

‘फक्त कुत्र्यांसाठी’

एकोणिसाव्या शतकात युरोपात पिसवांवर एक भुकटी मिळायची. शेवंतीच्या कुळातली फुलं वाळवून, दळून ती बनायची. फुलं आधी इराण-कॉकेशसकडून आणि नंतर आजच्या क्रोएशियातल्या डाल्मेशिया किनाऱ्यावरून यायची. इंग्लंडमध्ये ‘कीटिंग्ज पावडर’ या नावाने ती घरोघरी पोहोचली. फुलातलं पायरेथ्रिन हे द्रव्य कीटकाच्या मज्जातंतूतली दारं उघडी ठेवतं. संदेश थांबतच नाहीत, कीटक थरथरून मरतो. कुत्र्याचं यकृत मात्र ते भराभर मोडतं. अडचण एकच होती: उन्हात ही भुकटी लवकर निकामी व्हायची.

ही अडचण इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या गटाने सोडवली. १९७३मध्ये त्यांनी पर्मेथ्रिन जगापुढे आणलं. फुलातल्या द्रव्याचा हा कृत्रिम भाऊ उन्हात टिकतो. पुढे ते कुत्र्यांच्या थेंबांच्या औषधांत आलं, काहींत तर ४० टक्क्यांहूनही जास्त प्रमाणात.

आणि मांजरं मरू लागली. मांजराच्या यकृतात हे द्रव्य मोडायला लागणारी एक यंत्रणा फार दुबळी असते. कुत्र्याचा उरलेला अर्धा थेंब मांजराला लावला, किंवा औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला बिलगून झोपलं, तरी त्याला झटके येऊ शकतात. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कागदावरची ही ओळ सगळ्यात आधी वाचायची.

‘हाताळल्यावर हात धुवावेत’

१९३९मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. युद्धात सैनिकांच्या कपड्यांत फवारलेली ही भुकटी युद्धानंतर कुत्र्यांच्या अंगावरही आली. आपल्याकडे तिच्याच जोडीची गॅमॅक्सिन पावडर होती. ढेकूण, उवा, गोचीड, पिसवा, सगळ्यांवर एकच डबा. आजी-आजोबांना विचारा, तिचा वास त्यांना अजून आठवत असेल. ही द्रव्यं लवकर विघटित होत नाहीत आणि शरीराच्या चरबीत साठत जातात. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे बाहेर लावलेली भुकटी पोटातही जाते. भारतात गॅमॅक्सिनवर, म्हणजे बीएचसीवर, १९९७मध्ये बंदी आली.

१९६०च्या दशकात अमेरिकेत पिसवांचा पट्टा आला. प्लॅस्टिकमध्ये डायक्लोरव्हॉस मुरवलेलं असायचं आणि त्याची वाफ हळूहळू बाहेर पडायची. डायक्लोरव्हॉस ज्या रसायनांच्या कुळातलं आहे, त्यांचा पाया १९३०च्या दशकात जर्मनीत गेऱ्हार्ट श्राडर यांच्या संशोधनात घातला गेला. कीटकनाशकं शोधता शोधता त्यांच्या हाती टाबुन हा विषारी वायूही लागला होता. नंतरच्या पट्ट्यांत दुसरी द्रव्यं आली, त्यातलं एक प्रोपॉक्सर. या पट्ट्याची भुकटी कुत्र्याच्या केसांवर उतरते आणि त्याला मिठी मारणाऱ्या लहान मुलाच्या हातांवाटे तोंडात जाते. या काळजीपोटी अमेरिकेत २०१४मध्ये प्रोपॉक्सरचे पट्टे बंद करायचं ठरलं. कागदावरच्या या ओळीत कुत्र्याइतकाच त्याला कुरवाळणारा माणूसही आहे.

‘वजन आणि वय पाहून’

तंबाखूचं पाणी हा पिसवांवरचा फार जुना उपाय. निकोटिन कीटकाला मारतं, हे खरंच आहे. पण ते कुत्र्यालाही मारतं, आणि पिल्लाला फार थोडं पुरतं. १९८०च्या दशकात जपानमध्ये इमिडाक्लोप्रिड तयार झालं. ते निकोटिनच्याच जागी जाऊन बसतं, पण कीटकाच्या शरीरातली जागा त्याला कितीतरी जास्त आवडते. जुना काढा आणि नवा थेंब यांच्यातलं अंतर ते एवढंच, आणि पिल्लाचा जीव त्या अंतरात आहे. त्याच सुमारास फिप्रोनिल सापडलं. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही दोन्ही औषधं बाजारात आली. भुकट्या आणि पट्टे मागे पडून मानेवरचा थेंब सर्वमान्य झाला.

पण थेंबही निर्धोक नव्हता. २००८ या एका वर्षात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, थेंबांच्या औषधांबद्दल ४४ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. प्रत्येक तक्रारीत दोष औषधाचाच होता असं नाही, आणि बहुतेक त्रास खाज, लाली असा किरकोळ होता. पण काही जनावरं मेलीही होती. २०१०मध्ये तपासणीचे निष्कर्ष आले. छोट्या चणीच्या कुत्र्यांना जास्त त्रास झाला होता. एकाच नळीवर वजनाचा पट्टा इतका रुंद होता, की त्यातल्या सगळ्यात लहान कुत्र्याला वजनाच्या मानाने भलताच मोठा डोस मिळत होता. ईपीएने वजनाचे गट अरुंद करायला आणि लेबल स्पष्ट करायला सांगितलं.

म्हणून मोठ्या कुत्र्याची नळी अंदाजाने अर्धी करून पिल्लाला लावायची नसते. अर्धी म्हणजे नेमकी किती, हे डोळ्यांना कळत नाही. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालणं तर त्याहून धोक्याचं. वयाची अटही औषधागणिक बदलते: कुठे ७ आठवडे, कुठे ८, तर एखाद्या गोळीला काही देशांत ६ महिने. लहान पिल्लाचं यकृत अजून पूर्ण कामाला लागलेलं नसतं आणि अंग इतकं छोटं असतं, की चुकीला जागाच उरत नाही.

‘आधी डॉक्टरांना विचारा’

आयव्हरमेक्टिन १९८०च्या दशकात जनावरांच्या औषधांत आलं आणि त्याने परजीवींवरच्या उपचारांचं चित्रच पालटलं. पुढे २०१५मध्ये त्याच्या शोधाला नोबेलही मिळालं. पिसवांवर ते फारसं चालत नाही, पण खरूज आणि गोचिडांसाठी कुत्र्यांना सर्रास दिलं जातं. सुरुवातीच्या वर्षांतच एक विचित्र गोष्ट दिसली. बाकी कुत्र्यांना पचणाऱ्या डोसाने कॉली जातीचे कुत्रे लडखडायचे, आंधळे व्हायचे, बेशुद्ध पडायचे. पांढरे पाय दिसले तर औषध देऊ नका, असा ठोकताळाच पशुवैद्यांत रूढ झाला.

कारण २००१मध्ये कळलं. अमेरिकेतल्या कॅट्रिना मिली यांच्या गटाला एमडीआर१ या जनुकात ४ अक्षरं गळलेली आढळली. हे जनुक मेंदूच्या वेशीवर एक पहारेकरी उभा करतं, जो औषध आत शिरताच परत बाहेर ढकलतो. अनेक कॉलींमध्ये तो पहारेकरीच नव्हता.

असाच धडा २०१८मध्ये पुन्हा मिळाला. महिन्याला किंवा ३ महिन्यांनी एकदा खायला द्यायच्या नव्या गोळ्या, म्हणजे आयसॉक्साझोलिन गटाची औषधं, तोवर लोकप्रिय झाली होती. बहुसंख्य कुत्र्यांना ती चांगली मानवतात. पण काहींना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास झाल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं आणि लेबलावर तशी ओळ आली. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल, तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगायचं ते यासाठी.

‘पाण्यात मिसळू देऊ नये’

इंग्लंडमधल्या २० नद्यांचे २०१६ ते २०१८ या काळातले नमुने ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासले. ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल निघालं. तिथल्या शेतीत त्याचा वापर कधीच फारसा नव्हता. मग ते आलं कुठून? मुख्य संशय कुत्र्या-मांजरांच्या अंगावरच्या थेंबांवर आहे. आंघोळीचं पाणी, धुतलेली चादर, नदीत मारलेली उडी. पिसू मारणारं विष पाण्यातल्या कीटकांनाही सोडत नाही. म्हणून थेंब लावल्यावर कागदावर लिहिलेले दिवस कुत्र्याला भिजवायचं नाही आणि रिकामी नळी ओढ्यात फेकायची नाही.

मग अगदी लहान पिल्लाचं काय?

दीडशे वर्षं आपण कुत्र्याच्या अंगावरची पिसू मारत आलो. पण अंगावर दिसते ती पिसवांच्या संसाराचा छोटासा भाग. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती अंडी अंगावरून गळून चादरीत, फटीत, सोफ्याखाली जातात. अळ्या तिथेच वाढतात आणि कोशातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते. म्हणून औषधाइतकंच महत्त्व गरम पाण्यात धुतलेल्या अंथरुणाला आणि रोजच्या केरसुणीला आहे.

औषधाच्या वयात न बसणाऱ्या पिल्लासाठी बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं हाच मुख्य उपाय. फणीत आलेली पिसू पाण्यात बुडवायची. पिल्लाच्या आईवर मात्र डॉक्टरांना विचारून उपचार करायचे. पण नुसती फणी फिरवत वाट पाहायचीही नाही. खूप पिसवा पिल्लाचं इतकं रक्त पितात, की त्यानेही ते दगावू शकतं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा पिल्लू मलूल झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

औषध लावल्यावर कुत्रा थरथरू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. थेंब अंगावर असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर ते सांगतील त्याप्रमाणे कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा आणि निघा. तिथे पहिला प्रश्न येईल: कोणतं औषध, किती, कधी? म्हणून नळी उघडण्याआधी त्या कागदाचा आणि पाकिटाचा एक फोटो काढून ठेवा. मोबाइलवर तो मोठा करून वाचताही येतो.