कादंबरीतले उमराव आणि इतिहासातले उमराव

वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहासाचा विषय निघाला की लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचीच आपण अपेक्षा करतो. त्या रांगेत इंग्रज उमरावांच्या प्रेमकथा आणून बसविणे म्हणजे कीर्तनाच्या मंडपात फडावरची लावणी सुरू करणे होय, असे काहींना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या इंग्रजी विभागात जाऊन पाहा. पार्लमेंटच्या इतिहासाचे जाड ग्रंथ कोरे करकरीत राहिलेले असतात. आणि ज्यांच्या वेष्टनावर उंच कमरेचा झगा घातलेली तरुणी व मागे घोडागाडी असते, त्या पुस्तकांची पाने हाताळून हाताळून सुटायला आलेली असतात. जे इतके वाचले जाते, ते वाचकाच्या मनात इतिहासाचे चित्र घडवीत असते. ते चित्र खरे की खोटे, आणि खोटे असल्यास ते तसे का रंगविले गेले, हा इतिहासाच्याच अभ्यासाचा भाग आहे.

या कादंबऱ्यांचा सर्वांत आवडता काळ फार थोड्या वर्षांचा आहे. राजा तिसरा जॉर्ज याला बुद्धिभ्रंश झाल्यामुळे ५ फेब्रुवारी १८११ रोजी युवराज त्याचा प्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. २९ जानेवारी १८२० रोजी राजा वारला आणि युवराज चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. मधल्या या नऊ वर्षांना ‘रीजन्सी’ म्हणतात. नऊ वर्षे ती काय! पण तेवढ्या अवधीत कादंबरीकारांनी उमरावांची जितकी लग्ने लावली, तितकी त्या काळच्या साऱ्या धर्मोपदेशकांनी मिळूनही लावली नसतील. ब्रिटनमधले ड्यूक त्या वेळी हाताच्या बोटांवर दोन-तीनदा मोजले की संपत. कादंबऱ्यांत मात्र ते पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात, आणि बहुतेक सगळे तरुण, देखणे व अविवाहित असतात.

अशी कादंबरी हाती घेताना वाचकाने दोन सनांवर नजर ठेवावी, असे आमचे सांगणे आहे. एक सन कथेचा, दुसरा सन लेखनाचा. पहिल्या सनाविषयी कादंबरी जे सांगते ते तपासून घ्यावे. दुसऱ्या सनाविषयी ती जे नकळत सांगून जाते, ते मात्र बहुधा खरे असते.

पहिल्या सनापासून सुरुवात करू. रीजन्सीच्या काळी, रीजन्सीविषयीच लिहिणारी एक थोर लेखिका होऊन गेली. जेन ऑस्टेनच्या हयातीत तिच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या, त्या सगळ्या १८११ ते १८१५ या वर्षांत. पुस्तकावर तिचे नाव छापलेले नसे. तिच्या कथा ऐतिहासिक नव्हेत. त्या तिच्या वर्तमानकाळाच्या कथा. युवराजाच्या ग्रंथपालाने १८१६ मध्ये तिला सुचविले की, कोबुर्ग राजघराण्याच्या इतिहासावर आपण एखादी प्रणयरम्य कादंबरी लिहावी. त्या घराण्यातल्या लिओपोल्डचा विवाह युवराजाची एकुलती कन्या शार्लट हिच्याशी ठरला होता, तेव्हा सूचना समयोचित होती. ऑस्टेनबाईंनी ती मोठ्या विनयाने आणि तितक्याच ठामपणे नाकारली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्या सहा प्रमुख कादंबऱ्यांतल्या एकाही नायिकेचे लग्न उमरावाशी लागत नाही. जमीनदार, धर्मोपदेशक, आरमारी अधिकारी हे तिचे नायक. प्रसिद्ध डार्सीदेखील अर्लचा नातू खरा, पण स्वतः बिनपदवीचा. जी प्रत्यक्ष त्या काळात राहिली, तिला ड्यूकांची गरज वाटली नाही. ती नंतरच्यांना वाटली. ती का वाटली?

याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात सापडते. उमरावी घराण्यात जमीन आणि पदवी थोरल्या मुलाकडे जाई. आपल्याकडे वतनात भाऊबंदांच्या तक्षिमा पडत आणि भांडणे माजत. तिकडे तक्षीम पाडायचीच नाही असा दंडक होता. त्यामुळे इस्टेट अखंड राही. धाकट्या मुलांनी फौज, चर्च किंवा वकिली गाठावी, आणि मुलींनी लग्न. लग्न झाले की स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, तिच्या जमिनीचे उत्पन्न त्याच्या हाती जाई, तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. श्रीमंत बाप विश्वस्त नेमून आणि लग्नापूर्वी करारनामे करून लेकीच्या हातखर्चाची व वैधव्यातल्या पोटगीची तजवीज करीत. पण ती वकिलांची करामत होती, तिचा हक्क नव्हे. मुलांचा ताबा बापाकडे. आणि घटस्फोट? १८५७ पूर्वी त्यासाठी पार्लमेंटात खाजगी कायदा संमत करून घ्यावा लागे. असे कायदे सव्वातीनशेच्या घरात झाले; त्यांत स्त्रियांच्या मागणीवरून झालेले फक्त चार, आणि त्यांतला पहिला १८०१ मधला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर खरा हक्क मिळायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

म्हणजे, श्रोतेहो, लग्न हा स्त्रीच्या आयुष्यातला एकच सौदा, आणि तोही परत न फिरणारा. लंडनच्या किंग स्ट्रीटवरील आल्मॅक या सभागृहात बुधवारी रात्री नाच होत. तिथला प्रवेश पैशाने मिळत नसे. काही उमराव स्त्रियांचे मंडळ कोणाला चिठ्ठी द्यायची ते ठरवी. बाहेरून पाहणाऱ्याला तो केवळ चैनीचा प्रकार वाटेल. वस्तुतः तो विवाहाचा बाजार होता, आणि तेथे ज्या मुलीला चिठ्ठी मिळाली नाही तिच्या घरी त्या रात्री कोणी सुखाने झोपले नसेल.

या समाजाकडे पुढच्या पिढ्यांनी दोन निरनिराळ्या नजरांनी पाहिले. पहिली नजर रागाची. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा चार्टिस्ट चळवळीतला, गरिबांचा कैवारी लेखक. १८४८ पासून त्याने लंडनच्या दरबाराची गुपिते स्वस्त साप्ताहिक अंकांतून लिहिली. त्यांत हाच युवराज आणि हेच उमराव आहेत. पण ते विलासी, कर्जबाजारी आणि गरिबांच्या मुलींना नासविणारे आहेत. मराठी वाचकाला या लेखकाची ओळख करून देण्याचे कारण नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आपल्याकडे रेनॉल्ड्सची एवढी चलती होती की, त्याची भाषांतरे आणि रूपांतरे हातोहात खपत. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ या १८८५ च्या कादंबरीवर त्याच्या लंडनची छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखविलेच आहे. सत्ताधारी समाजाची घाणेरडी बाजू त्याच समाजातला माणूस सांगतो आहे, याची गोडी पारतंत्र्यातल्या वाचकाला वाटली असल्यास नवल नाही.

दुसरी नजर ओढीची, आणि ती फार उशिरा आली. जॉर्जेट हेयर ही १९०२ साली विंबल्डनला जन्मली. आजारी भावाचे मन रमावे म्हणून तिने रचलेली गोष्ट १९२१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १९२५ मध्ये वडील अचानक वारले आणि दोन लहान भावांचा भार तिच्यावर आला. त्याच वर्षी तिचे लग्न झाले. परंतु पुढे कित्येक वर्षे लेखणी हाच घराचा मोठा आधार होता. १९३५ मध्ये तिने पहिली रीजन्सी-कथा लिहिली आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. ती मुलाखती देत नसे. संदर्भासाठी तिने हजारावर ग्रंथ जमविले होते. झग्याची काठ, गाडीची चाके, जुगारातली बोली हे सारे वह्यांत टिपून ठेवी. वॉटर्लूच्या लढाईवरील १९३७ च्या कादंबरीत वेलिंग्टनच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्याने खरोखर बोललेला किंवा लिहिलेला आहे, असा तिचा दावा होता. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच.

आता तिच्या लेखनाचे सन पाहा. एका महायुद्धाने तरुणांची एक पिढी कापून काढली होती. जागतिक मंदी येऊन गेली होती, दुसरे युद्ध दारात होते. असंख्य स्त्रिया नोकरी करून घर चालवीत होत्या. अशा वाचकांना तिने काय दिले? १८११ चा लग्नबाजार दिला, पण आतून फिरवून. या कथांतही मृत्युपत्रे आहेत, पालक आहेत, सक्तीच्या सोयरिकी आहेत. १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील मुलामुलींना आईबापांच्या संमतीवाचून इंग्लंडात लग्न करणे अशक्यप्राय झाले. तो कायदा स्कॉटलंडात लागू नव्हता, म्हणून सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी पळून जाणारी जोडपी या कादंबऱ्यांत पदोपदी भेटतात. सांगाडा खरा आहे. फरक एकाच ठिकाणी केला आहे: शेवटचा शब्द मुलीचा असतो. ज्याच्या हाती कायद्याने तिचे सर्वस्व जाणार, तो ड्यूक तिच्यापुढे उभा राहून तिच्या होकाराची वाट पाहतो. सत्तेच्या शिखरावरचा माणूसच त्यासाठी लागतो. कारकुनाने वाट पाहिली तर त्यात चमत्कार कसला? ड्यूकांचे जे पीक येते त्याचे कारण हे आहे. वाचकाला हवे असते ते उमरावाच्या संपत्तीपेक्षाही त्याचे थांबणे.

हे केवळ गोड स्वप्न आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९६१ च्या ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ या कादंबरीत हेयरने स्वतःच त्या स्वप्नाची झडती घेतली. युद्धावरून परतलेला एक तरुण व्हायकाउंट बापाच्या कर्जात बुडालेली इस्टेट वाचविण्यासाठी आपल्या देखण्या प्रेयसीला सोडतो आणि एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या साध्या, सुरूप नसलेल्या मुलीशी लग्न करतो. शेवटी उत्कट प्रेमाचा स्फोट होत नाही. नीट चालविलेल्या संसारातून येणारा विश्वास तेवढा उरतो. सौद्याला सौदा म्हणण्याचे धैर्य या प्रकारातही आहे.

तरीही जे वगळले जाते ते सांगितलेच पाहिजे. याच नऊ वर्षांत विणकरांनी यंत्रे फोडली म्हणून १८१२ मध्ये देहान्ताची शिक्षा ठरली. तिच्याविरुद्ध उमरावांच्या सभेत कवी बायरनने भाषण केले. १८१५ च्या धान्यकायद्याने जमीनदारांचे भाव सांभाळले आणि गरिबाची भाकरी महाग केली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला सभेला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले. ५ नोव्हेंबर १८१७ या दिवशी खडकीला पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात राजकन्या शार्लट हिला मृत मूल झाले आणि पहाटे ती स्वतः गेली. राज्याच्या वारसीणीलासुद्धा लग्नानंतरचे बाळंतपण चुकले नाही. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. उमरावांच्या दिवाणखान्यात ही सारी माणसे शिरत नाहीत. पण तिथल्या मेणबत्त्यांचा खर्च यांतल्या कोणाकडून ना कोणाकडून वसूल झालेला असतो. हेयरच्या पानांत हा हिशेब क्वचितच येतो, आणि तिच्या असंख्य अनुकरणकर्त्यांत तो मुळीच येत नाही.

आजही हा ओघ आटलेला नाही. ज्युलिया क्विनची २००० सालची कादंबरी आणि तिच्यावरून डिसेंबर २०२० मध्ये निघालेली ‘ब्रिजर्टन’ ही चित्रमालिका १८१३ च्या लंडनमध्ये घडते. मालिकेत कृष्णवर्णीय ड्यूक आहे. १८१३ विषयी हे खरे नाही. २०२० विषयी मात्र पुष्कळच खरे आहे, कारण आजवर दाराबाहेर ठेवलेल्यांनाही त्या दिवाणखान्यात यावेसे वाटते, एवढे ते सांगते.

शेवटी एक हकीकत सांगतो. हेयरची ‘फ्रायडेज चाइल्ड’ ही १९४४ ची कादंबरी. वारसा हाती यावा म्हणून एक उनाड व्हायकाउंट बालमैत्रिणीशी घाईने लग्न करतो, आणि मग दोघे एकमेकांना ओळखू लागतात, एवढीच हलकीफुलकी गोष्ट. पुढे हेयरला एका रुमानियन स्त्रीचे पत्र आले. राजकीय कैदी म्हणून तिने बारा वर्षे तुरुंगात काढली होती. पुस्तक जवळ नव्हते. स्मरणाने हीच कथा ती सोबतच्या कैदी स्त्रियांना पुनःपुन्हा सांगत राहिली, आणि त्यावर त्यांनी आपले मन शाबूत ठेवले. वाचकांच्या पत्रांची फारशी पर्वा न करणाऱ्या लेखिकेने हे पत्र मात्र जपून ठेवले.

त्या कोठडीत १८११ चा इतिहास कोणाला हवा होता? जिथे माणसाच्या होकार-नकाराला काडीचीही किंमत उरली नव्हती, तिथे एका मुलीच्या होकाराला किंमत आहे अशी गोष्ट हवी होती. तेव्हा या पुस्तकांना इतिहास म्हणून मान देऊ नये, आणि कचरा म्हणून फेकूही नये. दोन्ही सन पाहावेत. घरातले कोणी असे पुस्तक उशाखाली लपवून वाचत असेल, तर त्याला हसण्यापूर्वी ज्याचे त्याने आपल्या मनाला एवढे विचारावे, की आमच्या घरातल्या लग्नांत शेवटचा शब्द कोणाचा होता?