मोंतेरो : एका नावाआडची राजवट

हुतात्म्यांची नावे आपण चौकांना आणि शाळांना देतो. त्यांचा जीव घेणाऱ्यांची नावे सहसा विस्मरणात जातात. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मालमोटारीखाली चिरडले गेले. बाबू गेनू महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ती मोटार चालविणारा कोणाच्या स्मरणात नाही. गोवा मुक्तिसंग्रामात मात्र निराळे घडले. तेथील सत्याग्रहींच्या आठवणींत छळ करणाऱ्याचेही नाव पुन्हापुन्हा येते : कासिमिरो मोंतेरो.

मोंतेरो गोव्यातच जन्मला आणि 1950 च्या दशकात तेथील पोलीस दलात त्याची दहशत पसरली. त्याच्यामागे उभी असलेली राजवट 1926 च्या लष्करी उठावातून निघाली होती. पुढे सालाझारने तिला नागरी वेश चढविला आणि 1945 मध्ये 'पीडे' हे गुप्त पोलीस दल उभे केले. सभा, वृत्तपत्र, निदर्शन या साऱ्यांवर कडक निर्बंध असलेल्या त्या राज्यात पोलीस कोठडी हेच शासनाचे खरे मुख होते. आझाद गोमंतक दलाचे बाळा मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये कोठडीतील छळाने मरण पावले. त्याच वर्षी मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्दीपार गेले. जुलैमध्ये मधू लिमयांना बेदम मारहाण झाली. लष्करी न्यायाधिकरणाने गोऱ्यांना 10, तर लिमयांना 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. मूळचे सांगलीचे मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांची सुटका झाली ती 1969 मध्ये.

पोर्तुगालमधील लोकांना मोंतेरो कळला तो फार उशिरा. 1958 च्या अध्यक्षीय निवडणुकीत सालाझारच्या राजवटीला आव्हान देणारे जनरल हुम्बेर्तो देल्गादो यांना 'पीडे'ने बनावट भेटीचे आमिष दाखवून स्पेनच्या सीमेवर बोलावले. 13 फेब्रुवारी 1965 रोजी ते आणि त्यांची सचिव आराजारीर कांपुस या दोघांची तेथे हत्या झाली. त्या पथकात मोंतेरो होता. 1969 मध्ये मोझांबिकचे नेते एदुआर्दो मोंडलाने यांना पार्सल-बॉम्बने ठार करण्यात आले. त्या कटाच्या संदर्भातही त्याच्यावर आरोप केला जातो.

हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. वसाहतीतील कैद्यांवर गिरवलेला धडा अखेरीस स्वदेशीच्या सेनापतीवर वापरला गेला. गोव्यातील कोठड्यांतून उठलेल्या किंकाळ्या लिस्बनमध्ये कोणी ऐकल्या नाहीत. कारण त्या 'दूरच्या' माणसांच्या होत्या. दुसऱ्याच्या अंगणात पोसलेले क्रौर्य आपला उंबरठा ओळखत नाही, हे पोर्तुगालला 1965 मध्ये कळले.

25 एप्रिल 1974 रोजी राजवट कोसळली. देल्गादो खटल्याचा निकाल 1981 मध्ये लागला. सर्वांत मोठी शिक्षा, 19 वर्षे 8 महिने, झाली ती अनुपस्थित मोंतेरोला. तो एक दिवसही तुरुंगात गेला नाही; 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मरण पावला. पळून गेलेल्या हस्तकावर खुनाचा सारा भार टाकणे वरिष्ठांच्या सोयीचेच होते.

नेमका हाच धोका आपल्याही वाचनात असतो. तुरुंगाच्या आठवणी वाचताना छळ करणारा राक्षस म्हणून उभा राहतो, आणि वाचक त्याचा तिरस्कार करून मोकळा होतो. पण राक्षसाला पगार मिळत नाही, बढती मिळत नाही, त्याच्या कबुलीजबाबांवर न्यायाधिकरण शिक्षा ठोठावत नाही. मोंतेरोला हे सारे लाभले. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने या आठवणी दुहेरी साक्ष म्हणून वाचाव्यात : मारणाऱ्या हाताची, आणि त्या हाताला दरमहा वेतन देणाऱ्या कचेरीची. पहिल्याचे नाव सत्याग्रहींनी जपून ठेवले. दुसरीचे नाव घेणे हे आपले काम आहे.