जुन्या गोव्यातला आदिलशहाचा दरवाजा

जुन्या गोव्यात सगळ्यात जास्त गर्दी बॉम जीझस चर्चसमोर असते. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह तिथं ठेवलेला आहे, त्यामुळे ते साहजिकच. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, पुढं नदीच्या दिशेनं व्हाइसरॉयची कमान आणि तिच्या जवळ सेंट कॅजेटन चर्च. या चर्चपाशी काळ्या दगडाचे दोन खांब, त्यावर एक आडवा दगड आणि बाजूला कोरीव जाळीचे अवशेष उभे आहेत. मागं इमारत नाही. नुसताच दरवाजा. विजापूरच्या आदिलशहाचा राजवाडा इथं होता, त्यातलं हे एवढंच उरलंय. पर्यटक इथं फोटोपुरतेही थांबत नव्हते. आम्ही दोघं मात्र तिथंच बराच वेळ बसलो.

सोबत माझा घाटंजीचा शाळासोबती होता. शाळेत इतिहास शिकवतो. त्याला रोम, लिस्बन, कोर्दोबा बघायची फार हौस. पण शिक्षकाच्या पगारात आणि घराच्या हप्त्यात ते बसेना. मी म्हटलं, आधी आपल्याच देशातला युरोप बघून घेऊ. सेंट कॅजेटन चर्च इटलीहून आलेल्या पाद्र्यांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलं. वाघाडीकाठच्या माणसांना मांडवीकाठचं रोम पुरेसं आहे.

पण या युरोपच्या पोटात आधीचं एक शहर आहे. बहमनी वजीर महमूद गवानानं १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला. बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या यूसुफ आदिलशहाकडे गेला. (त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडात एलिचपूरची इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्ला विजयनगरच्या एका कानडी ब्राह्मण घरात जन्मलेला. दख्खनच्या इतिहासात धर्माच्या सरळ रेघा मारायला गेलं की पट्टी अशी वाकते.) मांडवीकाठचं हे बंदर घोड्यांवर जगत होतं. होर्मुझहून अरबी, इराणी घोडे गलबतांतून उतरायचे आणि दख्खनच्या फौजांत जायचे. घोडे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धी लढाई. मक्केला जाणारे यात्रेकरूही इथून जहाजात बसायचे.

पोर्तुगीज सरदार अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा एकदा नव्हे, दोनदा घेतला. पहिल्यांदा वर्षाच्या सुरुवातीला, फारशी लढाई न होता. त्याला गोव्याकडे वळवणारा होता तिमय्या, होनावरच्या बाजूचा एक हिंदू आरमारी सरदार. आदिलशाही अधिकाऱ्यांच्या करांना गोव्यातले लोक वैतागले आहेत, हे त्यानं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. मे महिन्यात विजापूरच्या फौजेनं शहर परत घेतलं. पावसाळा संपल्यावर अल्बुकर्क मोठं आरमार घेऊन आला आणि २५ नोव्हेंबरला तटाच्या आत शिरला. त्यानंतर चार दिवस काय झालं, हे सांगायला कुठल्या मुसलमान बखरकाराची गरज नाही. अल्बुकर्कनंच डिसेंबरात आपल्या राजाला, मॅन्युएलला, पत्र लिहून कळवलं. सापडेल त्या मुसलमानाला मारलं, मशिदींत कोंडून आग लावली, बाया-पुरुष मिळून सहा हजार मेले, असा त्याचा स्वतःचा हिशेब आहे. हिंदू शेतकऱ्यांना हात लावू नका, असाही हुकूम त्यानं दिला होता.

२५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरिनचा दिवस. म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं आहे. जवळच तिच्याच नावाचं एक छोटं, जांभ्या दगडाचं चॅपल आहे. या जागेवरच्या दरवाजातून अल्बुकर्क शहरात शिरला, असं सांगणारा पोर्तुगीज भाषेतला शिलालेख तिथं लावलेला आहे. आणि व्हाइसरॉयच्या कमानीत एका स्त्रीची मूर्ती आहे, तिच्या पायाखाली फेटेवाला माणूस पडलेला. हा माणूस कोण, हे वेगळं सांगायची गरज नाही.

चॅपलपाशी मित्रानं हळूच विचारलं, "राग नाई येत का तुले?"

प्रश्न त्याचाच होता, टोमणा नव्हता. त्याच्या पाठ्यपुस्तकात हे सगळं एका ओळीत संपतं: पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. ती ओळ ओलांडायची तर वर्गात 'आपण' कोण आणि 'ते' कोण, हे त्याला ठरवावं लागतं. समोरच्या बाकांवर सगळ्या घरांतली मुलं असतात.

मी त्याला उलट विचारलं, राग धरायचा कुणावर? अल्बुकर्कनं आपल्या शिपायांची लग्नं मारलेल्या मुसलमानांच्या बायका-मुलींशी लावली. त्यांचा बाप्तिस्मा केला, घरं-जमिनी दिल्या. त्या बायकांना कुणी विचारलं नसणार. पण या शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती घरांपैकी कित्येकांची चूल त्यांनीच पेटवली. चर्चबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईच्या अंगात कुणाचं रक्त आहे, ते मी कसं सांगू? आणि तिमय्यावर रागवायचं, तर ज्या करांनी तो चिडला त्या करांवर आधी बोलावं लागेल. कत्तल ही कत्तलच. ती लपवायची नाही. पण तिची वसुली करायला वारस शोधत फिरणं मला जमत नाही.

शिवाय पुढची पाळी इतरांची होती. १५४० मध्ये या तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. त्याची कचेरी आणि कोठड्या थाटल्या त्या आदिलशाही काळातल्याच एका वाड्यात. लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत आणि जवळून जाताना घाबरत. आज तिथं मोकळी जागा आहे. त्याच १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश रातोरात नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेला गेला. तो मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता, विजापूरच्या हद्दीतला होता. आणि फोंड्याची साफा मशीदही १५६० चीच! मी ते साल मित्राला दाखवलं, तर तो म्हणाला, "अबे, हे तं परीक्षेत इचारायसारखं हाय." दुसऱ्या दिवशी आम्ही आधी साफा मशिदीच्या पायऱ्यांच्या तळ्यावर गेलो आणि मग मंगेशीला. दोन्हीकडे तळं आहे. तळ्याच्या पायरीवर बसून मित्रानं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

जुन्या गोव्यात मला ज्याची सगळ्यात जास्त आठवण आली, त्याची एकही इमारत तिथं नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, मूळ ज्यू घरातला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला जायचा. त्याच्या दरबारातल्या हकिमांशी वाद घालायचा, त्यांच्याकडून शिकायचा. इथल्या औषधांवर त्यानं १५६३ मध्ये गोव्यातच पुस्तक छापलं. पुस्तक म्हणजे दोघांच्या गप्पा आहेत. एक ओर्ता स्वतः, दुसरा युरोपातून नुकताच आलेला एक कल्पित वैद्य मित्र. आंबा, हिंग, भांग, पटकी यांवर दोघं प्रश्नोत्तरं करत राहतात. नवख्या मित्राला गोवा समजावून सांगणारं, दुसऱ्या धर्माच्या वैद्याचं बरोबर असेल तिथं तसं म्हणणारं हे पुस्तक. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कॅटरिनाला, इन्क्विझिशननं जिवंत जाळलं, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून. १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. निजामशहाच्या दरबारात ज्याला मान होता, त्याला स्वतःच्या शहरात कबरही राखता आली नाही.

आणि याच भूमीत थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, मराठीचं कौतुक केलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. एकाच शतकात, एकाच चर्चच्या छायेत ही दोन्ही माणसं. मित्र म्हणाला, मग पोर्तुगीज चांगले म्हणायचे की वाईट? मी म्हटलं, हा प्रश्न तू तुझ्या मुलांना घाल, आणि उत्तर एका शब्दात मागू नकोस.

शहर शेवटी शत्रूनं नाही, रोगराईनं मारलं. हिवतापानं आणि पटकीनं लोक पळाले, घरं पडली, दगड दुसरीकडे वापरले गेले. सेंट ऑगस्टिनचा ४६ मीटरचा मनोरा अर्धा उभा आहे, अर्धा १९३१ मध्ये कोसळला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनं बिऱ्हाड पणजीला हलवलं. तिथं त्याला राहण्याजोगी इमारत मिळाली ती मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. गोवा मुक्त झाल्यावर त्याच वाड्यात विधानसभा भरू लागली आणि २००० सालापर्यंत भरत राहिली. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही तोही बघितला. पिवळसर भिंती, उतरतं कौलारू छप्पर. मित्रानं पाटी वाचली आणि मोबाईलवर फोटो काढला. जुन्या गोव्यातल्या दरवाजाच्या फोटोशेजारी तो ठेवून सोमवारी वर्गात दाखवतो म्हणाला.